डबल ग्लोव्हज घालूनही बाईकवर बोटं बधिर होतात, काय करू?

काकडलेला:
नमस्कार मंडळी. रोज पहाटे साडेपाचला बाईक काढतो, जायचं अंतर साधारण ४० किमी, त्यातला बराचसा रस्ता मोकळा, त्यामुळे स्पीड ६० च्या आसपास असतो. गाडी १५० सीसी, पुढे काचबिच काही नाही, सगळं वारं थेट अंगावर. सध्या पहाटे पारा ५-६ अंशाला असतो.

पहिली दहा मिनिटं काही वाटत नाही, मग बोटांची टोकं झोंबायला लागतात आणि वीसेक मिनिटांनी ते झोंबणंही थांबतं, मला खरी भीती त्याचीच वाटते. काल इंडिकेटर बंद करायला गेलो तर अंगठा बटणावर आहे की बाजूला हेच कळेना, हॉर्न वाजला. पुढचा सायकलवाला दचकला आणि मागे वळून जे काही बोलला ते हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही ते एक बरं झालं. पोचल्यावर किल्ली दोन बोटांत धरता येत नाही, दोन तळहातांत धरून काढतो. आणि मग आत गेल्यावर बोटांत जीव यायला लागला की जो ठणका लागतो तो विचारू नका.

जाड विंटर ग्लोव्हज आहेत, चांगले आहेत, स्वस्तातले नाहीत. त्यांनी भागेना म्हणून आत लोकरीचे हातमोजे घालायला लागलो, तर माझी समजूत अशी की ऊब डबल होईल, झालं उलटंच, आता पंधराव्या मिनिटालाच बोटं जातात. हे कसं काय? आणि आता अजून जाड ग्लोव्हज घेऊ की ते गरम होणारे ग्रिप बसवू?

टिवल्याबावल्या:
हँडलला मफ लावा. विषय संपला.

काकडलेला:
मफ म्हणजे ज्यात हात घालायचे, हँडलला दोन उशा बांधल्यासारखं दिसतं तेच ना? अहो गाडी नवीन आहे हो माझी :(

टिवल्याबावल्या:
पहाटे साडेपाचला तुमची गाडी बघायला कोण उठतंय?

जुनापाना:
लोकरीचे आत घातल्यावर बोटं आधी का गेली ते सांगतो, कारण हीच चूक मी दोन हिवाळे केलीय. हातमोजा ऊब तयार करत नाही. ऊब येते रक्तातून, हातमोजा फक्त ती अडवून धरतो, आणि तीही कापडाने अडत नाही, कापडाच्या आत जी हवा कोंडलेली असते तिने अडते. तुम्ही घट्ट ग्लोव्हमध्ये अजून एक जाड मोजा कोंबला की दोन गोष्टी एकदम होतात, एक म्हणजे आतली हवा पिळून निघते आणि दुसरं म्हणजे बोटं आवळली जातात, मग रक्तच नीट पोचत नाही. म्हणजे बंब पण विझवला आणि भोवतीची गोधडी पण पातळ केली.

एक प्रयोग करा. ग्लोव्हज घालून दुकानात करतात तसा पंजा ताणून बघू नका, हँडल पकडून बघा. मूठ वळली की बोटांच्या मागच्या बाजूचं अस्तर ताणलं जाऊन पातळ होतं आणि बोटाचं टोक ग्लोव्हच्या टोकाला जाऊन टेकतं. नेमकी तीच बाजू वाऱ्याकडे असते. मूठ वळलेली असताना टोकाला थोडी तरी जागा राहिली पाहिजे, नखावर दाब येत असेल तर तो ग्लोव्ह तुम्हाला लहान आहे, मग तो कितीही जाड असो. आत काही घालायचंच असेल तर रेशमी किंवा तसलाच एकदम पातळ लायनर, आणि तोही बाहेरचा ग्लोव्ह एक साईज मोठा असेल तरच.

दुसरा प्रश्न, कुठली बोटं आधी जातात? सगळी एकदम की ठरावीक? हे बघून सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

रात्रपाळी:
सोपा उपाय सांगतो, आम्ही सगळे हेच करतो. दर पंधरा मिनिटांनी थांबायचं, ग्लोव्हज काढून इंजिनवर किंवा सायलेन्सरपाशी हात धरायचे. फुकटचा हीटर आहे, वापरा की.

सावकाश_चालवते:
कृपा करून हे करू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही, सगळा घोटाळा तिथेच आहे. मी एकदा इंजिनच्या सिलिंडरवर त्या धातूच्या समांतर पट्ट्या असतात ना, फिन्स, त्यांना हात लावला होता, काहीच गरम लागेना म्हणून अजून टेकवला, अर्ध्या तासाने बोटांवर तीन समांतर फोड, अगदी आखणी केल्यासारखे. आणि पातळ सिंथेटिक लायनर असेल तर तो वितळून चिकटतो ते वेगळंच. चालत्या गाडीवर डावा हात खाली नेऊन इंजिनला लावणारेही बघितलेत मी, क्लच कोण धरणार मग?

रात्रपाळी:
लांबूनच धरायचे म्हणतोय हो. पण बरोबर आहे, लांबून धरले की काही होतही नाही तसं पाहिलं तर. मागे घेतो.

भिंगवाला:
थोडं गणित. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी काढायचं जे सूत्र आहे त्याचा उगम अंटार्क्टिकात आहे, पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघांनी तिथे प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं, १९४५ मध्ये ते छापून आलं. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सूत्र सुधारलं. त्या सुधारलेल्या सूत्रात ५ अंश तापमान आणि ६० चा वेग घातला तर जाणवणारं तापमान येतं उणे २ च्या आसपास.

आता गंमत बघा. ८० ने गेलात तर उणे ३ च्या जवळ, ४० ने गेलात तर उणे १ च्या जवळ, २० ने गेलात तरी १ अंश. म्हणजे ८० वरून ६० वर आलात तर जेमतेम एका अंशाचा फरक, आणि रस्त्यावर मात्र वेळ वाढला. थंडी वाजते म्हणून हळू चालवणं हा ऊब मिळवायचा उपाय म्हणून फार कामाचा नाही. वारं थोडं कमी करून काही होत नाही, ते पूर्ण अडवावं लागतं. मफ किंवा हँडगार्डच्या मागे हात गेला की ६० चं वारं जवळपास शून्य होतं, तिथे खरा फायदा आहे.

हे सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आणि चालत्या माणसाच्या हिशेबाने बनवलंय, ग्लोव्हमधल्या बोटासाठी नाही, तेव्हा आकडे अंदाजासाठीच घ्या.

टिवल्याबावल्या:
एवढं अंटार्क्टिकाला जाऊन आलात आणि उत्तर काय, तर मफ लावा. मी दोन शब्दांत सांगितलं होतं.

रात्रपाळी:
उणे २ म्हणजे बोटं गोठायचीच की. बर्फ होतं त्याखाली.

भिंगवाला:
नाही. वारं वस्तूला लवकर थंड करतं पण हवेच्या तापमानाखाली नेत नाही. हवा ५ अंशाला असेल तर कोरडं बोट ५ च्या खाली जाणारच नाही, वारं कितीही असू दे. बोट खरंच गोठायचं असेल तर हवा शून्याच्या खाली पाहिजे. ओला ग्लोव्ह मात्र थोडा वेगळा विषय आहे, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे तो हवेपेक्षाही थंड होऊ शकतो.

पण गोठलं नाही म्हणजे ठीक आहे असंही नाही. बोटाच्या कातडीचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं जमेनाशी होतात आणि ८ च्या आसपास स्पर्श कळायचाच कमी होतो. काकडलेला यांचा अंगठा बटण शोधत फिरत होता तो यामुळेच. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, ब्रेकवर बोटं नीट आहेत की नाही हे चाचपण्यात अर्धा सेकंद गेला तरी आठ मीटर गेले.

सावकाश_चालवते:
मला थंडीत बोटं पांढरी पडायचा त्रास आहे, रेनॉड म्हणतात त्याला, मॉरिस रेनॉड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये पहिल्यांदा नीट वर्णन केलं म्हणून. बोटं आधी मेणबत्तीसारखी पांढरी, मग निळसर, मग ऊब मिळाली की लालभडक आणि ठणका. ही रेघ अगदी पेनाने मारल्यासारखी असते, इथपर्यंत पांढरं आणि इथून पुढे नॉर्मल. तुमची बोटं अशी होत असतील, आणि विशेष म्हणजे गार पाण्यात हात घातला किंवा फ्रीजमधून काही काढलं तरी होत असतील, तर एकदा डॉक्टरांना दाखवा, ग्लोव्हजवर खर्च करत बसण्यात अर्थ नाही. सिगारेट ओढत असाल तर निघायच्या आधीची तरी सोडा, निकोटिनने बोटांच्या नसा अजून आवळतात.

आता या त्रासामुळे मला जे शिकावं लागलं ते सांगते, कारण ते सगळ्यांनाच लागू पडतं. हात गार पडतात ते पुष्कळदा हातांमुळे नाहीच. शरीराला छाती-पोट गार पडतंय असं वाटलं की ते पहिल्यांदा बोटांचं रक्त तोडतं, हात गेले तर चालतील पण आतलं यंत्र चालू राहिलं पाहिजे असा त्याचा हिशेब. म्हणून माझे निम्मे उपाय हातांवर नाहीतच. जॅकेटच्या आत वारं न शिरणारा एक थर, गळ्याला बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), आणि मनगटं. मनगटाला कातडी पातळ, रक्तवाहिन्या अगदी वर, आणि नेमका तिथेच ग्लोव्ह संपतो आणि बाही वर सरकते. हँडल धरल्यावर दोन बोटं रुंदीची फट पडते, बसून बघा. जुन्या लोकरी सॉक्सचा पंजा कापून टाकला आणि वरची नळी मनगटावर चढवली, अंगठ्यासाठी एक भोक पाडलं. दिसतं अगदीच कसंतरी. पण मला ग्लोव्हज बदलून जेवढा फरक पडला नाही तेवढा याने पडला. फक्त इलास्टिक घट्ट असेल तर काढून टाका, नाहीतर परत तेच, आवळलं की रक्त बंद.

आणि निघायच्या आधीच अंग गरम पाहिजे. मी गाडी काढायच्या आधी पाच मिनिटं जिने चढउतार करते. कुडकुडत गाडीवर बसलात की मग कशानेच ऊब येत नाही.

जुनापाना:
+१. छातीवर वर्तमानपत्राचा एक जाडसर थर घातला तरी काम होतं, जॅकेटच्या आत, चेनच्या मागे. फार जुनी युक्ती आहे, आजही चालते. वाटेत कुठे खोळंबलात तर वाचायलाही होतं.

काकडलेला:
एवढ्या सगळ्या उत्तरांबद्दल आभार! आज मुद्दाम लक्ष दिलं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, ही दोन सगळ्यात आधी जातात. डाव्या हाताचीही तीच दोन पण जरा उशिरा. करंगळी शेवटपर्यंत ठीक असते. आणि मनगटाची फट खरंच आहे, दोन काय चांगली तीन बोटं जाते, मला इतके दिवस कळलंच नव्हतं. बोटं पांढरी वगैरे होत नाहीत, लाल होतात नुसती. सिगारेट नाही.

जुनापाना:
बघा, म्हणूनच विचारलं. ब्रेकवर कायम दोन बोटं ठेवून चालवता ना?

काकडलेला:
हो! सवयच आहे. तुम्हाला कसं कळलं?

जुनापाना:
कारण लिव्हर अल्युमिनियमचा आहे आणि तो रात्रभर बाहेर झोपलाय. ग्रिपला निदान रबर असतं. तुम्ही दोन बोटं ४० मिनिटं एका गार धातूच्या पट्टीवर दाबून धरता, तीही समोरून वारं खात. दाबल्यामुळे ग्लोव्हचं अस्तर त्या जागी चपटं होतं, म्हणजे ऊब धरायला काही उरतच नाही, आणि धातू ऊब ओढून घेतो. उजवी आधी जाते कारण ब्रेकवर कायम बोटं आणि क्लचवर मधूनमधून.

उपाय दोन. मोकळ्या रस्त्यावर बोटं ग्रिपवर आणा आणि गर्दीत परत लिव्हरवर, हा फुकटचा. दुसरा म्हणजे लिव्हरवर वायरिंगवाले वापरतात ती गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा, बोटं टेकतात तेवढ्याच भागावर, किंवा लिव्हरचे रबरी कव्हर मिळतात ते. नळी चढवताना लिव्हरच्या टोकाचा गोळा आडवा येतो, तेव्हा जरा मोठ्या व्यासाची, आकसून निम्मी होणारी घ्या. आणि जाड काहीतरी गुंडाळू नका, लिव्हर पूर्ण दाबला तरी ग्रिपला अडकता कामा नये.

अजून एक, मूठ किती आवळता? थंडीत आपोआप खांदे कानाला लागतात आणि हँडल गळा धरल्यासारखं धरलं जातं. मग स्नायूच रक्त अडवतात. सिग्नलला मुद्दाम खांदे खाली सोडा, आणि बोटं सैल करून पियानो वाजवल्यासारखी हलवा. हँडल जिथे खूप थरथरतं त्या गाडीवर हे अजून महत्त्वाचं, कारण थरथरीनेही बोटं बधिर होतात आणि आपण सगळं खापर थंडीवर फोडतो.

सावकाश_चालवते:
यात अजून एक, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट उन्हाळ्यातही मुंग्या येऊन बधिर होत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर ते मनगटातली नस दाबली जाण्याचं लक्षण असू शकतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर दुसरी नस. थंडी संपली तरी बधिरपणा राहिला तर दाखवून घ्या. तुमचं फक्त थंडीतच होतंय असं दिसतंय, पण लिहून ठेवलेलं बरं, वाचणारे बाकीचेही असतात.

वायरमन१२:
गरम ग्रिपचं कोणीच बोललं नाही, मी बोलतो. मी स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून पाच-सहा गाड्यांवर बसवलेत.

आधी करंट बघा. समजा जोडी ३ अँपिअर घेते, १२ व्होल्टला म्हणजे ३६ वॅट. लहान गाड्यांचा साधा हॅलोजन हेडलाईट ३५ वॅटचा असतो, म्हणजे एक जास्तीचा हेडलाईट कायम पेटवला असं समजा. १५० सीसीला हे बहुतेक झेपतं पण वर फॉगलाईट, मोबाईल चार्जर असं सगळं लावून ठेवलेलं असेल तर नाही झेपणार, विशेषतः सिग्नलला इंजिन नुसतं गुरगुरत असताना. मल्टिमीटर घ्या, ग्रिप फुल चालू करून बॅटरीवर लावा, गाडी थोड्या आरपीएमवर असताना साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसले तर ठीक, साडेबाराला घसरून खालीच जात राहिले तर बॅटरी आतून रिकामी होतेय.

वायर थेट बॅटरीला जोडू नका. रिले टाका, तो किल्ली फिरवल्यावरच चालू होईल असा, आणि बॅटरीजवळ फ्यूज. माझ्या एका मित्राने थेट जोडले, एकदा बंद करायचे विसरला आणि गाडी तशीच लावून निघून गेला. ४-५ एएचची (अँपिअर-अवर) छोटी बॅटरी, ३ अँपिअर, दीड तासात खेळ खल्लास. संध्याकाळी ढकलत.

डाव्या बाजूला ग्रिप थेट लोखंडी नळीवर बसतो, आणि ती नळी अर्धी उष्णता पिऊन टाकते. उजवीकडे मध्ये थ्रॉटलची प्लास्टिकची नळी असते म्हणून तो लवकर तापतो. लोक म्हणतात डावा खराब निघाला, तो खराब नसतो. डावीकडे खाली एक थर उष्णता न जाणाऱ्या टेपचा घाला. आणि उजवीकडची वायर, हे सगळ्यात महत्त्वाचं, थ्रॉटल पूर्ण पिळून आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वायर ताणली तर कधीतरी तुटेल हे परवडलं, पण ती अडकून थ्रॉटल परत फिरलाच नाही तर काय होईल याचा विचार करा. सोडला की टक्कन मागे आला पाहिजे.

टिवल्याबावल्या:
आणि एवढं सगळं करून तळहात भाजणार आणि बोटांची पाठ गारच राहणार.

वायरमन१२:
हे मात्र खरंय, नाकारत नाही. ग्रिप आतून तापवतात, वारं बाहेरून लागतं. नुसते ग्रिप लावलेल्या लोकांची तक्रार नेहमी हीच, तळव्याला घाम आणि नखं गार. ग्रिप अधिक हँडगार्ड, किंवा ग्रिप अधिक मफ, मग मात्र पातळ ग्लोव्हजवर चालतं, आणि पातळ ग्लोव्हज म्हणजे बटणं कळतात. जाड ग्लोव्हज घालून गरम ग्रिप चालू करणं म्हणजे उशीखाली निखारा ठेवल्यासारखं, सगळी ऊब त्या जाड अस्तराच्या पलीकडेच.

बॅटरीवर चालणारे गरम ग्लोव्हजही असतात, त्यांची तार बोटांच्या पाठीवरून जाते त्यामुळे हा प्रॉब्लेम नाही. पण थंडीत बॅटरीच कमी चालते आणि रोज चार्ज करायची आठवण ठेवावी लागते. ज्याला मोबाईल चार्ज करायचा आठवतो त्याने घ्यावेत.

रात्रपाळी:
त्या छोट्या पुड्या मिळतात, हलवल्या की गरम होतात, त्या ग्लोव्हमध्ये घातल्या तर? मी घातल्या होत्या तर दहा मिनिटांत थंड, फसवलं वाटतं.

भिंगवाला:
फसवलं नाही, गुदमरली ती. त्यात लोखंडाचा भुगा असतो, तो हवेतल्या ऑक्सिजनने गंजतो आणि त्या गंजण्यातून उष्णता येते. वारं न शिरणाऱ्या घट्ट ग्लोव्हमध्ये हवाच नाही मग गंजणार कशी. बाहेर काढून ठेवली असती तर परत तापली असती. वापरायचीच तर मनगटाच्या आतल्या बाजूला, बाहीखाली सैलसर, आणि थेट कातडीवर नको. तळहातात तर अजिबात नको, पकड बिघडते.

जुनापाना:
ओल्या ग्लोव्हजचा विषय वर निघालाय तर सांगून ठेवतो. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट सहज जाते. म्हणजे घाम आलेला ग्लोव्ह हा ग्लोव्हच नाही. काहीजण आत रबरी पातळ हातमोजे घालतात, वारं अडतं हे खरं पण घाम आतच, तासाभराने हात उकडलेल्यासारखे होतात आणि मग गार. अर्ध्या तासाच्या प्रवासाला चालेल, त्यापुढे नको. वॉटरप्रूफ म्हणून घेतलेल्याचं फक्त बाहेरचं कापड भिजलं तरी ते उडताना गारवा देतच राहतं.

आणि वाळवताना हीटरवर किंवा गरम सायलेन्सरवर टाकू नका, चामडं असेल तर कडक होऊन भेगा पडतात. काढतानाही एक सवय लावा, बोटांची टोकं बाहेरून चिमटीत धरून काढा. ओलसर हात तसाच खेचला की आतलं अस्तर हाताबरोबर बाहेर येतं, आणि मग ते परत पाच बोटांत बसवणं म्हणजे अख्खी सकाळ जाते.

सावकाश_चालवते:
पोचल्यावर काय करायचं तेही लिहा कोणीतरी. बरं मीच लिहिते. चोळू नका, कढत पाण्यात बुडवू नका. हात काखेत धरा, किंवा कोमट पाणी, आणि ते कोमट आहे की नाही हे बोटांनी नाही, कोपराने बघा. मोकळी जागा असेल तर दोन्ही हात खांद्यापासून गोल गोल जोरात फिरवा, वीस-तीस वेळा, रक्त आपसूक बोटांकडे फेकलं जातं. लोक बघतात. बघू देत. वाटेत थांबलात तरी हेच, सायलेन्सरपेक्षा शंभर पटीने बरं. आणि ऊब यावी म्हणून दोन घोट घेणारे असतात त्यांच्यासाठी, त्याने कातडीतल्या नसा उघडतात, गरम झाल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर जाते. गाडी चालवायची आहे हे तर वेगळं सांगायलाच नको.

काकडलेला:
दहा दिवसांनी लिहितोय. काय काय केलं ते सांगतो म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

पहिले तीन दिवस एकही पैसा घालवला नाही. आतले लोकरीचे काढून टाकले, सॉक्सच्या नळ्या मनगटावर, जॅकेटमध्ये पेपर, मोकळ्या रस्त्यावर बोटं लिव्हरवरून काढून ग्रिपवर. एवढ्यावर बधिर व्हायला वीसच्या ऐवजी पस्तीस मिनिटं लागली, म्हणजे जवळजवळ पोचेपर्यंत. खरं सांगायचं तर मला विश्वास नव्हता. खांद्यांचं मात्र अवघड आहे, दर सिग्नलला बघतो तर ते परत कानाला लागलेलेच.

मग लिव्हरवर नळी चढवली, पहिल्यांदा लहान व्यासाची आणली ती गोळ्यावरून जाईना, दुसऱ्यांदा जमलं. आणि मग शेवटी... हो, मफ लावले. टिवल्याबावल्या, तुम्ही जिंकलात. पहिल्या दिवशी आत हात घातल्यावर पांघरुणात हात घातल्यासारखं वाटलं. आता पातळ ग्लोव्हजवर जातोय, पोचल्यावर किल्ली दोन बोटांत धरून काढतो. गरम ग्रिप सध्या तरी नको.

पण एक नवीन भानगड. परवा मागून येणाऱ्या एकाने सिग्नलला सांगितलं की अहो तुमचा ब्रेकलाईट सारखा पेटलेला आहे. घरी उभ्या गाडीवर बघितलं तर नाही पेटत. हे मफमुळे असेल का?

टिवल्याबावल्या:
मी काही बोलत नाही. फक्त हसतोय.

वायरमन१२:
मफमुळेच. मऊ मफ आहेत ना? ६० च्या स्पीडला वारं मफची पुढची बाजू आत ढकलतं आणि ती लिव्हरवर टेकते. ब्रेकलाईटचा स्विच पहिल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरलाच लागतो, म्हणून लाईट. उभ्या गाडीवर वारं नाही म्हणून दिसत नाही. हसण्यावारी नेऊ नका, मागच्याला तुम्ही खरा ब्रेक कधी मारलात ते कळणार नाही, आणि जास्त दाबलं गेलं तर ब्रेक घासत राहून तापतो. क्लचच्या बाजूला असंच झालं तर क्लच सरकत राहतो आणि प्लेटा जळतात. मफच्या आत, लिव्हरच्या पुढच्या बाजूला प्लास्टिकची एखादी ताठ पट्टी कमानीसारखी वाकवून बसवा, मफ तिच्यावर टेकेल, लिव्हरवर नाही. हँडगार्ड असेल तर त्याच्यावरूनच मफ चढवायचा, मग हा प्रश्नच येत नाही.

जुनापाना:
आणि मफमध्ये हात झटकन घालता-काढता येतो का ते आधी उभ्या गाडीवर दहा वेळा करून बघा, डोळे मिटून. आत बटणं दिसत नाहीत, आरशाला किंवा स्वतःच्या अंगाला काही झालं आणि हात बाहेर काढायचा झाला तर अडकायला नको. तोंड घट्ट आवळायची दोरी असेल तर ती सैल ठेवा.

काकडलेला:
जुन्या प्लास्टिक कॅनची पट्टी कापून कमान केली, आतून दोन केबल टायने बांधली. आज मित्राला मागे ठेवून ६० ने जाऊन आलो, लाईट फक्त ब्रेक मारल्यावरच. हात घालायचा-काढायचा सराव पण केला, डोळे मिटून उजवा जमतो, डावा तिसऱ्या प्रयत्नाला.

वायरमन१२:
मस्त. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं ना? कमान टाकीला लागता कामा नये, आणि थ्रॉटल सोडला की मागे येतोय ना?

काकडलेला:
थ्रॉटल येतो मागे, उजवीकडे पण ठीक. डावीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न वाजतो. उद्या उजेडात बघतो, आत्ता शेजारी उठलेत.